पट्टीने मोजलेले अंतर

भूगोलाच्या तासाला नकाशावर पट्टी ठेवून अंतर कसे काढावे, हे शिकवताना माझे उदाहरण ठरलेले असे : बेळगाव ते बडोदे. सांबऱ्याच्या विमानतळापासून हरणीच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, की अंतर भरते सुमारे ७३० किलोमीटर. पंख्याच्या लहान विमानाचा वेग ताशी पाचशे धरला, तर चढणे-उतरणे धरून पावणेदोन तास. मुले भराभर उत्तर काढीत. हेच उदाहरण का, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हते. माझी आक्का बडोद्याला, अकोट्यात दिलेली.

विश्वामित्रीपलीकडचे हे अकोटा फार जुने. १९५१ साली तिथे ब्राँझच्या प्राचीन जैन मूर्ती सापडल्या. आक्काला त्याचा कोण अभिमान! शेजारणींशी ती अस्खलित गुजराती बोले, पण फोनवर माझा आवाज आला, की चाळीस वर्षे मागे जाऊन विचारी, "बाळू, काय करूलास रे?" आम्ही कानडीच्या शेजारात, ती गुजरातीच्या. दोन्हीकडे मराठी घराच्या उंबऱ्याआतच राखायची.

२०१८ च्या डिसेंबरात रात्री नऊला भाच्याचा फोन आला. "मामा, आई तुझं नाव घेते आहे. निघ."

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, १९४२ ची. हरणीला नवी इमारत झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, सांबऱ्याला सप्टेंबर २०१७ मध्ये. लहान गावे आकाशमार्गे जोडण्याची 'उडान' योजनाही २०१६ चीच. सगळे होते, बेळगावहून बडोद्याला थेट विमान तेवढे नव्हते. थेट रेल्वेगाड्या ठरावीक वारी. त्या रात्री एकही नव्हती. मिळाली ती मुंबईची बस धरली. रस्त्याने जवळजवळ पाचशे किलोमीटर, पुढे मुंबई सेंट्रलहून लोहमार्गाने आणखी ३९२. पट्टीवरच्या ७३० चे नऊशेच्या आसपास झाले आणि पावणेदोन तासांचे वीस.

सुरत मागे पडली आणि भाच्याचा फोन आला. तो काही बोललाच नाही. मला कळले. थोड्या वेळाने गाडी नर्मदेच्या पुलावर आली. डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने हात जोडून नदीत नाणे टाकले. मीही खिसा चाचपला.

अकोट्याला पोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्यासाठी सगळे थांबले होते. सूनबाई हळूच म्हणाली, "दुपारपर्यंत विचारत होत्या, बाळू येऊलाय काय?" गुजरातीत वाढलेल्या त्या मुलीच्या तोंडून आमची बेळगावची बोली ऐकली आणि तोवर आवरून धरलेले सारे सुटले.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बेळगावहून अहमदाबादला विमान सुरू झाले. तिथून बडोदे शंभर-सव्वाशे किलोमीटर. वर्तमानपत्रातली ती बातमी मी दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवून दिली.

नकाशाचा धडा मी अजून शिकवतो. उदाहरण तेच आहे. फक्त उत्तर आले, की मुलांना आणखी एक प्रश्न घालतो : "आता सांगा, आज रात्री निघालात तर पोचाल केव्हा?" वर्गात थोडा वेळ शांतता पसरते. मग कोणीतरी रेल्वेचे वेळापत्रक मागतो.