पदार्थविज्ञानाचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

विज्ञान शाखेला गेलेला मुलगा किंवा मुलगी घरात असली की केव्हा ना केव्हा हा प्रश्न निघतोच. आईन्स्टाईनचा सापेक्षतावाद, पुंजयांत्रिकी, मूलकणांचे सिद्धांत हे सारे वरवर न वाचता खरोखरीचे शिकायचे आहे, तर सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी? मी एका कनिष्ठ महाविद्यालयात २७ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक, आणि तेही मोठ्या भावाचे उतरलेले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो.

स्टीफन हॉकिंग यांचे १९८८ साली निघालेले 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात समीकरण अवघे एकच आहे. अशी पुस्तके जरूर वाचावीत, त्यांनी गोडी लागते. परंतु ती वाचून पदार्थविज्ञान येत नाही. नकाशा पाहून गाव चालून झाले असे कोणी म्हणत नाही. ज्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी गणिते नाहीत ते अभ्यासाचे पुस्तक नव्हे, इतकी साधी कसोटी मी ठेवली आहे.

दुसरी फसगत होते ती नावामुळे. मुखपृष्ठावर 'इंट्रोडक्शन' असे छापलेले असते, म्हणून आपण समजतो की हे नवख्यांसाठी आहे. पेस्किन आणि श्रोडर यांचे 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू क्वांटम फील्ड थिअरी' हे १९९५ सालचे पुस्तक घ्या. आठशेहून अधिक पाने आहेत, आणि 'ओळख' आहे ती पुंजयांत्रिकी व विशेष सापेक्षता पक्की करून पदव्युत्तर वर्गात बसलेल्याला! बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाने ते उघडले तर त्याला दुसरे पानही ओलांडता येणार नाही. नावावर जाऊ नका, प्रस्तावना वाचा. हे पुस्तक कोणासाठी आहे आणि आधी काय यायला हवे हे लेखक बहुधा तिथेच सांगून टाकतो.

याचे एक उदाहरण आमच्याच चाळीत घडले. एका मुलीला बारावीनंतर सापेक्षतावाद शिकायचा होता. तिचा मामा सफाई खात्यात नोकरीला. त्याने दिवाळीच्या बोनसमधून फोर्टच्या फुटपाथवर भाचीसाठी एक जाडजूड पुस्तक घेतले. मिसनर, थॉर्न आणि व्हीलर यांचे 'ग्रॅव्हिटेशन', १९७३ सालचे, पाने बाराशेच्या वर. पुस्तक उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पोरगी तीन महिने त्याच्याशी झुंजली. मग एके दिवशी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, पोरगी म्हनते, हे आपल्यासारख्यांच्या डोक्याचं काम न्हाई. बी.एस्सी. सोडून क्लार्कच्या परीक्षेला बसते म्हनते. खरंच न्हाई का हो तिच्यात डोकं?"

मी मुलीला बोलावून यांत्रिकीची चार गणिते घातली. तिने चारही सोडवली, एक तर माझ्यापेक्षा सुटसुटीत रीतीने. डोके होते. मधल्या पायऱ्या मात्र तिला कोणी दाखवल्या नव्हत्या.

आमचे वडील सांगत, वर्कशॉपात नवा पोरगा आला की त्याला लेथवर कोणी उभे करीत नसे. आधी महिनोन्‌महिने कानस. लोखंडाचा ठोकळा घासून सपाट करायचा, गुण्याने तपासायचा, पुन्हा घासायचा. पदार्थविज्ञानात ही कानस म्हणजे गणित. रशियन शास्त्रज्ञ लेव लांडाऊ आपल्याकडे येणाऱ्या तरुणांच्या परीक्षा घेत, त्यातली पहिली गणिताचीच असे. त्या साऱ्या परीक्षा १९६१ पर्यंत अवघे ४३ जण उतरले.

तर आम्ही मामाचे पुस्तक फळीवर उंच ठेवले आणि दुसरा क्रम लावला. गणितासाठी मेरी बोआस यांचे 'मॅथेमॅटिकल मेथड्स इन द फिजिकल सायन्सेस'. बाई विद्यार्थ्याचा हात धरून नेतात. यांत्रिकीला क्लेपनर आणि कोलेन्कोव्ह. मग डेव्हिड ग्रिफिथ्स यांचे विद्युतगतिकीचे पुस्तक. त्याचे पहिले प्रकरण सदिशांच्या गणिताचे आणि शेवटचे विशेष सापेक्षतेचे आहे, म्हणजे पुढचे दार तिथेच उघडते. पुंजयांत्रिकीलाही ग्रिफिथ्सच, नंतर शंकर. त्यानंतर जेम्स हार्टल यांचे 'ग्रॅव्हिटी'. हार्टल आधी भौतिकी समजावतात आणि अवघड गणित मागाहून आणतात. या सगळ्याला अडीच वर्षे लागली. कॉलेजचा अभ्यास सांभाळून, चाळीच्या गॅलरीत बसून.

फाइनमन यांची व्याख्याने अनेकजण सुरुवातीलाच सुचवतात. माझे मत वेगळे आहे. ती १९६१ ते १९६३ मध्ये कॅलटेकच्या पहिल्या दोन वर्षांच्या मुलांना दिलेली होती, आणि ती मुलांना कितपत मानवली याबद्दल खुद्द फाइनमन यांनीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे. तो विषय दुसऱ्या पुस्तकातून एकदा शिकून झाल्यावर ती वाचली म्हणजे खरी मजा येते. आता ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

योग्य वेळी योग्य पुस्तक हाती आले तर काय होते, हे मायकेल फॅरडेच्या चरित्रात दिसते. लोहाराचा हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकायला राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचीत असे. जेन मार्सेट बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याने तिथेच वाचले. ते मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलेले, सोप्या भाषेतले होते, आणि त्यातूनच तो विज्ञानात शिरला. आपल्याकडे किराणा दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा जर्मन शिकला, आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्यासह त्याने केलेला आईन्स्टाईनच्या लेखांचा इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केला.

भाषेची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना फार असते. ही सारी पुस्तके इंग्रजीत आहेत हे खरे, पण तेच तेच दोन-चारशे शब्द फिरून येतात. एक वही करावी. मोमेंटम म्हणजे संवेग, टॉर्क म्हणजे आघूर्ण, असे लिहीत जावे. सहा महिन्यांत वही उघडावी लागत नाही.

पैशाचे म्हणाल, तर विकत घेण्याआधी पुस्तक ग्रंथालयात बसून दहा पाने वाचावे आणि एक गणित करून पाहावे. दहापैकी दोन ओळी अडल्या तर पुस्तक आपले. आठ अडल्या तर ते परत ठेवावे आणि त्याखालची पायरी शोधावी. काही पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकेही सापडतात. मोबाइल घरात असेल तर आयआयटी मद्रासचे प्रा. बालकृष्णन यांची व्याख्याने आणि केंब्रिजचे डेव्हिड टाँग यांच्या टिपणवह्या विनामूल्य आहेत. आईवडिलांना एवढेच सांगतो, मूल एका पानावर तीन दिवस बसले तर ओरडू नका. या विषयात तसे बसावेच लागते.

त्या मुलीने मामाचे पुस्तक गेल्या वर्षी फळीवरून खाली काढले. आता ते तिला वाचता येते. त्याच्या पहिल्याच प्रकरणात सफरचंदावर चालणाऱ्या मुंग्यांची गोष्ट आहे. मामा घरी आला तेव्हा तिने खरेच सफरचंद घेऊन त्याला समजावले. प्रत्येक मुंगी आपापल्या जागी सरळच चालते, वाकडे असते ते सफरचंद. ग्रहांचेही तसेच. मामाने सफरचंद हातात फिरवून पाहिले आणि विचारले, "मग ह्या देठाच्या खळग्यापाशी दोन मुंग्या गेल्या तर?"

"त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मामा," ती म्हणाली, आणि पेनाने रेघा काढून दाखवू लागली.