रानशेतचा फेर

मुलांनो, नाच पाहायला तुम्ही कुठे जाता? नाट्यगृहात, गॅदरिंगला, नाही तर टीव्हीसमोर. आम्ही मात्र गेलो होतो रानशेतला!

त्याआधी लेकीच्या रुसव्याची गोष्ट सांगायला हवी. ती कथक शिकते. बाईंनी तिला माखनचोरीचा गतभाव दिला होता. गतभावात एकटी नर्तकीच सगळी पात्रं होते. ही लोणीचोर कृष्ण झाली, तेव्हा सगळे खुदुखुदु हसले. यशोदा झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, “रागावलीस छान, पण राग आईचा नाही वाटला.” झालं! दोन दिवस स्वारी गप्प.

बाईंचंही खरंच होतं. राधेचं कृष्णावरचं प्रेम म्हणजे शृंगार, यशोदेचं ते वात्सल्य. दोन्ही दाखवायची ती डोळ्यांनी आणि बोटांनी. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका बालसरस्वती (१९१८–१९८४) रिकाम्या रंगमंचावर बाळकृष्णाला बोलवत, आणि पाहणाऱ्यांना तो दिसू लागे!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डहाणूच्या मित्राकडे गेलो. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. मित्र म्हणाला, “चला रानशेतला, पाड्यावर तारपा आहे.” चारोटीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, कापणी झालेली भाताची खाचरं. वाटेत एका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक दिसला. त्यात पालघाट देवी. वारली लोक चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. सवाष्णींनी तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

अंधार पडला आणि तारपा घुमू लागला. वाळलेला भोपळा, त्यात बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा मध्ये उभा. गाल फुगलेले, सूर तुटत नाही. त्याच्याभोवती बायका-पुरुषांची साखळी, एकमेकांच्या कमरेला हात. तो वळला की साखळी वळते. हाच फेर गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांतून जगभर पोचला.

लेक कुजबुजली, “बाबा, इथे चेहऱ्याने कुणीच काही सांगत नाही.”

खरंच की! एक नवं जोडपं शेजारी शेजारी नाचत होतं, पण एकमेकांकडे बघतही नव्हतं. फक्त पावलं एकदम पडत होती. पुढे एका आईच्या पाठीला बांधलेलं बाळ गाढ झोपलं होतं. एवढ्यात पाच-सहा वर्षांची एक चिमुरडी साखळीत घुसली. तिचं पाऊल चुकलं, ती अडखळली. आईने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. कमरेभोवतीचा हात तेवढा घट्ट झाला, आणि पोरगी पुन्हा तालात आली.

लेक त्या हाताकडे बघत राहिली. मग कुणीतरी तिलाही फेरात ओढलं. आधी तिची पावलं चुकली, मग जमली.

घरी आल्यावर तिने यशोदा पुन्हा केली. तोच राग, तेच वटारलेले डोळे. पण या वेळी एका हाताने तिने कृष्णाचा कान धरला, आणि दुसरा हात अलगद त्याच्या पाठीमागे नेला, तो पडू नये म्हणून.

स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई बघत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “चला, पानं घेतलीत.”