श्रीलंकेला जायचंय? आधी महिना ठरवा

मैत्रिणींनो, सहल कंपनीशिवाय श्रीलंकेला निघायचं तर पहिला प्रश्न हॉटेलचा नव्हे, पावसाचा! मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो-गॉलकडे कोसळतो. तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. नाताळच्या सुट्टीत नेमकं उलट. दिवाळीच्या सुमारास दोन्हीकडे सरी येतात. तेव्हा मुलांची सुट्टी पाहा, मग किनारा निवडा.

सुती कपडे घ्याच, पण प्रत्येकाचा एक स्वेटरही. नुवारा एलिया १,८०० मीटरहून उंच, रात्री चांगलंच गारठतं. कँडीच्या दंतमंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथल्या लोकांना तो अपमान वाटतो.

शाकाहारी असाल तर नारळाची चटणीसुद्धा विचारूनच वाढून घ्या. तिच्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो. मलेरियातून देश २०१६ साली मुक्त झाला, पण डेंग्यू आहे. डासांचं मलम दिवसाही लावा.

आणि हो, दर पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सुट्टी, बँका बंद! पैसे आदल्या दिवशीच बदलून ठेवा. तिकिटं काढण्याआधी घरातलं पंचांग एकदा उघडाच.