उशा काढ

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझी पहिली ऑर्थो पोस्टिंग पुरुष वॉर्डात लागली, ती नेमकी श्रावणात. हॉस्पिटल परळमधलंच. नाव सांगत नाही, कारण पुढे जो घोटाळा येणार आहे तो माझा आहे, त्यात हॉस्पिटलला कशाला ओढू? परळला हॉस्पिटलांचा तोटा नाहीच. 1926 चं केईएम आहे, 1941 चं टाटा आहे, वाडिया आहे. यांतलं किंवा यांच्याबाहेरचं कुठलंही समजा.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी चार पानांचा फॉर्म हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बारा नंबरच्या आजोबांची हाडं-सांधे-स्नायूंची तपासणी कर. अकराला दाखव." मला 206 हाडं पाठ होती. तोंडी परीक्षेत मनगटाची आठही हाडं एका दमात म्हणून दाखवली होती. बारा नंबरसमोर उभी राहिले तेव्हा त्या आठांपैकी एकही उपयोगाचं नव्हतं.

आजोबा अडुसष्ट वर्षांचे, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले. मी विचारलं, "दुखतं का?"

"नाय गं पोरी."

मी लिहिलं, दुखत नाही. पुढचा रकाना व्यवसायाचा. "रिटायर," ते म्हणाले. तेही लिहिलं. मग गोनिओमीटर काढला. हा म्हणजे कंपासपेटीतला कोनमापकच, फक्त दोन लांब पट्ट्या असलेला. मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक पट्टी मांडीवरून खुब्याकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. गुडघा मुडपवला, आकडा वाचला, 85 लिहिला. ताकद तपासायची तर 0 ते 5 अशी पट्टी असते. ती ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी नसांसाठी बसवली. 0 म्हणजे स्नायू जराही आवळत नाही, 3 म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, 5 म्हणजे आपण जोर लावला तरी हटत नाही. मी आजोबांच्या नडगीवर दोन्ही हातांनी जोर लावला. मीच हटले. लिहिलं, 5.

मॅडमनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दुखत नाही, तर हे इथे का आलेत?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि आजोबांना नुसतं म्हणाल्या, "बाबा, जरा उठून दाखवा." आजोबांनी आधी पलंगाची कड पकडली, मग दोन्ही हातांवर भार घेतला, दात आवळले, उभे राहिले आणि चार पावलं लंगडत जाऊन पाचव्यापासून बरे चालायला लागले. "उठताना काय होतं?"

"कळ मारते वो. जागच्या जागी लाकूड झाल्यागत होतं. चालाय लागलो की सुटतं." सकाळी किती वेळ आखडलेलं राहतं, तर चहा होईपर्यंत. मॅडमनी मला बाजूला घेतलं. जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आखडणं म्हणजे बहुधा झीज; तास-दीड तास राहिलं असतं तर सूज आणणाऱ्या संधिवाताचा विचार करावा लागला असता. हे सगळं माझ्या 'दुखत नाही'च्या पोटात होतं.

आपल्याकडे दुखणं हा एक शब्दच नाही, हे मला तेव्हा उमगलं. कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, उसण भरते, पोटरीत गोळा येतो, मुंग्या येतात, बधिर पडतं. आपण 'दुखतं का?' विचारतो, आणि ज्याला फक्त कळ येते तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

85 चं गुपितही फुटलं. मी कोनमापकाची उलटी बाजू वाचली होती. 180 मधून वजा केल्यावर 95 निघाले. निरोगी गुडघा साधारण 135 पर्यंत मुडपतो. "आणि आधी बरा गुडघा, मग दुखरा. तुलना कशाशी करणार?" मॅडमनी माझा तळहात आजोबांच्या वाटीवर ठेवला आणि पाय हळूहळू हलवला. आत करकर लागली, ओल्या वाळूवर चप्पल घासावी तशी. पुस्तकात याला क्रेपिटस म्हणतात. मी तो शब्द दोन वर्षं लिहीत होते, हाताला पहिल्यांदा लागला.

'रिटायर'वर मात्र त्या सरळ चिडल्या. "कशातून रिटायर?" आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. आठ-आठ तास उभं राहून एका साच्याकडून दुसऱ्याकडे जायचं, तुटलेला धागा वाकून जोडायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे हमाली, मग वॉचमनकी. ज्या पायांवर मी नंबर टाकत होते त्यांचा हा इतिहास रकान्यात एका शब्दात उरकला होता.

मग मॅडमनी जे विचारलं ते माझ्या चार पानांत कुठेच नव्हतं. चाळीत कितव्या मजल्यावर? तिसऱ्या. संडास घरात की कॉमन? कॉमन, गॅलरीच्या टोकाला. बसायचा की उकिडवं? उकिडवं. फॉर्ममध्ये 'बूट-मोजे घालता येतात का' हा प्रश्न होता. आजोबांनी जन्मात मोजे घातले नव्हते. पण नवा गुडघा बसवल्यावर उकिडवं बसू नका, मांडी घालू नका असं सांगतात, आणि खोली दहा बाय दहाची. कमोडची खुर्ची ठेवायची कुठे, हे ऑपरेशनआधीच ठरायला हवं होतं. मुलगा दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आला.

इतकं शिकल्यावर मी शहाणी झाले असेन असं वाटेल.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारने 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं. त्यातलं साहस आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतं. चौदा नंबरला एकोणीस वर्षांचा मुलगा होता, चौथ्या थरावरून पडलेला. डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती, प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. संध्याकाळची ड्यूटी माझी. सूज उतरावी म्हणून मी हाताखाली दोन उशा दिल्या, पुस्तकात दिल्याप्रमाणे. नख दाबलं, दोन सेकंदांच्या आत गुलाबी झालं. बोटं गरम, हलत होती. रकान्यात टिक, टिक, टिक.

"सिस्टर, आतून फुटतंय."

"प्लास्टर असंच असतं. थर लावताना नाही वाटलं?" मी म्हणाले. त्याची आई हसली, मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं.

साडेचारला दिलेलं इंजेक्शन सहाला पुरेना. तो पुन्हा मागायला लागला. बारा नंबरवरून आजोबांनी हाक मारली, "पोरी, त्याचं कन्हणं बदललंय बघ."

मी इन्चार्ज सिस्टरना बोलावलं. त्यांनी फॉर्म पाहिलाच नाही. त्याची दुमडलेली बोटं आपल्या बोटांत घेतली आणि अगदी हलकेच सरळ केली. तो ओरडला. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "उशा काढ."

बंद जागेत स्नायू सुजतो, आतला दाब वाढतो, रक्त आत शिरेनासं होतं. अशा वेळी हात हृदयाच्या वर उचलला तर पोचणारं रक्त आणखी कमी. माझ्या उशा नेमकं तेच करत होत्या. रंग आणि नाडी जातात त्या शेवटी, तोवर उशीर झालेला असतो. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतो. डॉक्टर धावत आले, प्लास्टर लांबीत चिरलं, आतला कापूससुद्धा कातडी दिसेपर्यंत कापला. काही मिनिटांत मुलाने मोठा श्वास सोडला आणि 'आई' म्हणाला. एवढ्याने सुटलं नसतं तर हात चिरून स्नायूंवरचं आवरण उघडावं लागलं असतं. रात्रभर तासातासाला बोटं सरळ करून पाहिली. तेवढ्यावर निभावलं.

फॉर्मवर मी 'दुखतं: हो' लिहिलं होतं. ते खोडून त्याचे शब्द लिहिले: आतून फुटतंय.

गिरगाव, दादर, लालबागमधल्या गोविंदांना आणि त्यांच्या आयांना एक सांगणं आहे. प्लास्टर घालून घरी पाठवल्यावर दुखणं उतरायच्या ऐवजी चढत गेलं, गोळीने दबेना, आणि दुसऱ्या हाताने बोटं सरळ केल्यावर कळ मारली, तर बोटं गुलाबी आहेत म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत या.