मावळ्यांचे माप

यंदा चिरंजीवांनी अंगणात रायगड बांधला. उंची तीन फूट, आणि दारात चार इंची मावळा! मराठीच्या मास्तराने गणितात नाक खुपसू नये, मी खुपसले. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट. म्हणजे प्रमाण १:९००. त्यात साडेपाच फुटी माणूस दोन मिलिमीटरही भरत नाही. मोहरीएवढा! उलट मावळा कायम ठेवावा, तर गड दीडशे फुटांच्या वर जातो. प्रतिकृती करणारे हौशी लोक पुष्कळदा १:७२ प्रमाण धरतात. त्यातही माणूस इंचाहून कमीच.

चिरंजीवांनी मुकाट्याने सगळे मावळे टोपलीत भरले. मला वाटले, पटले. रात्री तो नीट जेवला नाही, तेव्हा हिने माझ्याकडे नुसते पाहिले.

पहाटे पणती घेऊन गेलो. गवतासाठी आणलेली मोहरी तटावर ओळीने मांडलेली. माथ्यावर महाराज मात्र पूर्वीचेच, सहा इंची.

"अरे, आणि हे?"

"महाराज तेवढेच राहणार, बाबा."

मी पणती त्यांच्यापुढे ठेवली. भाऊबिजेपर्यंत सगळ्या मावळ्यांना कोंब फुटले होते.