टोपीखालचे डोके

म्हातारपण माणसाच्या अंगावर दोन वाटांनी येते. एक वाट केसांची, दुसरी कातडीची. पहिल्या वाटेने ते वाजतगाजत येते. फणीत अडकलेला पुंजका, उशीवर पडलेले चार केस, न्हाणीच्या मोरीत साचलेले जाळे, असा रोजचा पुरावा ते आपल्यासमोर मांडीत असते. दुसऱ्या वाटेने मात्र ते चोरपावलांनी येते. कातडी झिजल्याचा आवाज होत नाही. तिचा तुकडा कोठे गळून पडलेला सापडत नाही. आणि एखाद्या लग्नातील छायाचित्र हाती पडेपर्यंत आपणांस त्याची वार्ताही नसते. म्हणूनच की काय, केसांसाठी मनुष्य वर्षानुवर्षे वैद्य-डॉक्टरांची दारे ठोठावतो. कातडीची आठवण त्याला फार उशिरा होते.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे दोन पिढ्यांपूर्वी टक्कल ही सर्वस्वी खाजगी गोष्ट होती. बोडक्या डोक्याने देवळात किंवा चार माणसांत जाणे अशुभ आणि असभ्य मानीत. पागोटे, फेटा अथवा टोपी यांपैकी काहीतरी डोक्यावर असावयाचेच. आणि त्याच्या खाली रान दाट आहे की उजाड, हे घरच्या माणसांखेरीज कोणास ठाऊक नसे. आज नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारात जरा उभे राहून पाहावे. पांढरी टोपी दिसते ती बहुधा पिकल्या केसांवर. तरुणांची डोकी मोकळी. टोपी गेली म्हणून अश्रू ढाळावेत असे मला वाटत नाही. तथापि ती जाताना दोन वस्तू घेऊन गेली, एक झाकण आणि दुसरी सावली. झाकण गेल्याचे दुःख घरोघर ऐकू येते. सावली गेल्याचे कोणाच्या गावीही नाही.

हा विचार मनात पक्का होण्यास माझा भाचा कारणीभूत झाला. वय एकोणतीस, पुण्यास नोकरी. गेल्या दिवाळीत तो जुन्नरास आला तो एक लहानशी बाटली आणि एक मोठी चिंता घेऊन. तुळशीचे लग्न उरकले की मुलीकडची मंडळी त्याला पाहावयास यायची होती. पाच महिने तो डोक्यास मिनॉक्सिडिल लावीत होता आणि कपाळावरून मागे सरकू लागलेली रेषा थांबल्यासारखी दिसत होती. परंतु कचेरीतील कोणा स्नेह्याने त्याला सांगितले, की या औषधाने केस राहतात पण चेहरा दहा वर्षांनी म्हातारा होतो. झाले! त्या दिवसापासून आरसा आणि तो यांची फारकत होईना. डोळ्यांखालची कातडी बोटाने ओढावी, सोडावी, ती किती वेळात जागेवर जाते ते पाहावे, असा उद्योग चालला होता.

"मामा, खरे सांगा," तो मला म्हणाला, "माझा चेहरा उतरला आहे की नाही?"

त्याचा पेच खराच अवघड होता. औषध सोडावे तर त्याच्या जोरावर टिकलेले केस तीन-चार महिन्यांत पुन्हा गळू लागतात, म्हणजे नेमके लग्नाच्या सुमारास. न सोडावे तर, त्याच्या समजुतीप्रमाणे, नवरदेव सुरकुतलेल्या तोंडाने बोहल्यावर उभा राहावयाचा. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले असल्यामुळे असे प्रश्न आमच्या घरी माझ्याच वाट्यास येतात.

या औषधाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ते केसांसाठी जन्मासच आलेले नव्हते. मिनॉक्सिडिलची गोळी रक्तदाब उतरविण्यासाठी निघाली. १९७९ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. रक्तवाहिन्या सैल करणे हे तिचे काम. पण ती घेणाऱ्या रोग्यांच्या गालांवर, हातांवर, पाठीवर नको तेथे केस उगवू लागले. एकाचा उपद्रव तो दुसऱ्याचा उपाय, या न्यायाने तिचे द्रावण करून डोक्यास लावून पाहण्यात आले, आणि १९८८ साली टकलावरील औषध म्हणून ते अमेरिकेतील बाजारात आले. दुसरे औषध फिनास्टराइड. तेही मूळचे वृद्धांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी १९९२ साली आले आणि लहान मात्रेत १९९७ पासून केसांसाठी दिले जाऊ लागले. दोन्ही औषधे घेत आहोत तोवरच उपयोगी. सोडली की निसर्ग आपली थकबाकी वसूल करतो.

आता त्या स्नेह्याच्या म्हणण्यात तथ्य किती? अगदीच हवेतले ते बोलणे नव्हते. आपल्या कातडीच्या आत कोलॅजेन नावाचे तंतू असतात. बाजेला जसे सुंभ, तसे कातडीला हे तंतू. सुंभ ताठ आहे तोवर बाज सपाट. ते ढिले पडले की मध्ये खोलगा पडतो. हे तंतू एकमेकांस घट्ट बांधले जावेत म्हणून शरीरात जी एन्झाइमे काम करतात, त्यांतील एकाचा जोर मिनॉक्सिडिलमुळे कमी होतो, असे १९८७ साली प्रयोगशाळेत दिसून आले. भीतीचे मूळ ते हे. परंतु तो प्रयोग काचपात्रात वाढविलेल्या पेशींवरचा होता. डोक्यास लावलेल्या औषधापैकी सरासरी शंभरात एक-दोन भागच रक्तात उतरतात; आणि तेवढ्याने जिवंत माणसाच्या चेहऱ्यास सुरकुत्या पडतात, असे सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ औषध कातडीस अगदी निरुपद्रवी आहे असाही नव्हे. पुष्कळ द्रावणांत अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असते. त्याने डोके खाजते, लाल होते, कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. ओघळ कपाळावर आला, किंवा ओले डोके उशीवर टेकले, तर गालांवर व कपाळावर लव वाढते. स्त्रियांस हा त्रास विशेष जाणवतो. गोळी पोटात घेतली तर अंगात पाणी साठून डोळ्यांभोवती सूज येऊ शकते आणि हृदयावरही ताण पडू शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नये. पण सूज ती सूज आणि सुरकुती ती सुरकुती. दोन्ही एक नव्हेत.

हे सर्व मी भाच्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि पुन्हा आरशाकडे पाहिले. भीतीला व्याख्यान पुरत नाही, हा शिक्षकाचा जुनाच अनुभव. तेव्हा मी त्याला पडवीत उजेडात आणले आणि म्हटले, "बाही पार वर कर."

तो पुण्यात रोज मोटारसायकलीवरून कचेरीस जातो. त्याच्या हाताची मनगटाकडील बाहेरची बाजू काळवंडलेली, खरखरीत. दंडाची आतली बाजू उजळ, मऊ. मग मी माझी बाही वर केली. माझे वय एकाहत्तर. बाहेरच्या बाजूस चुरगळलेल्या कागदासारखी कातडी, त्यावर तपकिरी ठिपके. दंडाच्या आत मात्र अजून बरीच तुकतुकी. "तुझे औषध रक्तातून गेले असेल तर दोन्ही बाजूंना सारखेच गेले," मी म्हणालो, "आणि माझ्या हाताने तर ते औषध कधी पाहिलेही नाही. मग दोन बाजूंत हा भेद कोणी केला?"

भेद केला तो उन्हाने. उन्हातील अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे. एक वरच्या थरास भाजून काढतो. दुसरा निमूटपणे खोल शिरतो, कोलॅजेन तोडणारी एन्झाइमे जागी करतो, आणि ढगांतून व खिडकीच्या काचेतूनही बराचसा पार होतो. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. वय एकोणसत्तर, अठ्ठावीस वर्षे गाडी हाकलेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू खोल घड्यांनी भरली होती आणि उजवी पुष्कळच तरुण राहिली होती. एकच मनुष्य, एकच आयुष्य, आणि दोन वयांचे दोन गाल! आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा पुणे-नाशिक रस्त्यावर टोमॅटोच्या गाड्या नेणाऱ्यांनी उजवा गाल सांभाळावा.

इतक्यात माझी बहीण आतून आली. ती आमचे बोलणे ऐकत होती. म्हणाली, "तात्यांचे टक्कल मी प्रथम कधी पाहिले माहीत आहे? ते शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले तेव्हा. जन्मभर टोपी उतरली नव्हती. कपाळावर टोपीची रेघ होती. रेघेखाली सगळे नांगरलेले शेत, आणि वर तान्ह्या मुलाच्या टाळूसारखे मऊ. मी डोके पुसताना हात थबकला माझा."

आम्ही तिघेही क्षणभर गप्प राहिलो. माझ्या साऱ्या रसायनशास्त्रापेक्षा त्या एका रेघेने भाच्याची अधिक समजूत घातली.

या तालुक्यांच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या आणि नाणेघाटाच्या बाजूच्या डोंगरांत, महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा वाळवून औषधासाठी विकला जातो. तयार हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य पुष्कळ असते; ते कोलॅजेनच्या तंतूंना घट्ट धरून ठेवते, म्हणून चामडे कमाविण्यास हिरडा पूर्वापार वापरला गेला. मेलेल्या कातड्याला त्याने वर्षानुवर्षे टिकाऊपणा येतो. जिवंत कातडीस असे एकदाच कमावून ठेवण्याची सोय नाही. तिला रोजच्या रोज जपावे लागते.

हे जपणे आमच्या शेतांतील बाया पुस्तकावाचून जाणतात. कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या वावरात काम करताना लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवितात आणि डोक्या-तोंडास फडके गुंडाळतात. पुण्यातील मुली दुचाकीवर ओढणीने तोंड झाकतात तेही हेच. पुरुषांना मात्र यात कमीपणा वाटतो. नुसती टोपीही पुरी नव्हे, हे तात्यांच्या कपाळाने सांगितलेच; ती डोके राखते, नाक-गाल उन्हातच राहतात. तेव्हा भर दुपार टाळावी, छत्री किंवा रुंद काठाची टोपी वापरावी, आणि उघड्या राहणाऱ्या भागास तीस किंवा अधिक अंकाचे सनस्क्रीन दोन बोटे भरून लावावे; उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. ज्याचे केस विरळ झाले त्याने टाळूही विसरू नये. छप्पर गेलेल्या घरात ऊन सरळ जमिनीवर पडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने सुरकुत्यांबद्दल औषधास बोल लावू नये. तो धूर कोलॅजेनचा उघड शत्रू आहे.

भाच्याने पुण्यास परतल्यावर त्वचारोगतज्ज्ञांची गाठ घेतली. डोके खाजत होते म्हणून त्यांनी द्रावणाऐवजी फेस दिला, आणि औषध सुकेपर्यंत आडवे होऊ नये, हात धुवावेत, कपाळ पुसावे, असे बजावले. पुढे मुलीकडची मंडळी आली तेव्हा बाटलीची हकीकत त्याने आपण होऊनच सांगितली. मुलीने एवढेच विचारले, की एक बाटली किती दिवस पुरते. हे औषध जन्माचे सोबती असल्याने प्रश्न अगदी संसारी होता, आणि बहिणीला तो फार आवडला. लग्न ठरले.

केस राखण्यासाठी मनुष्याने औषध घ्यावे की घेऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. चार केसांनी चार लोकांत वावरण्याचे धैर्य येत असेल तर ते थोडे नव्हे. पण आपले भय आपण बाटलीवर खर्चून टाकतो, कारण बाटली हातात धरता येते आणि तिच्यावर रागावता येते. ऊन हाती लागत नाही. ते रोज उगवते, पिके पिकविते, हिरडा वाळविते आणि जाताजाता आपल्या कपाळावर एक बारीक रेघ ओढून ठेवते. आमच्या वडीलधाऱ्यांनी टोपी घातली ती मर्यादेसाठी. सावली त्यांना फुकट मिळाली. आपण मर्यादेचे ओझे उतरविले, ते बरेच झाले. आता सावलीची व्यवस्था आपणच केली पाहिजे.