१ जूनवाले आप्पा

गेल्या महिन्यात आईला फोन आला. "मावशी, पेन्शन ऑफिसातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला अपडेट नाही, पेन्शन थांबेल." आई एरवी असले फोन लगेच कट करते. पण समोरच्याने आप्पांचं पूर्ण नाव सांगितलं, पीपीओ नंबर सांगितला, निवृत्तीची तारीख आणि जन्मतारीखसुद्धा. १ जून १९४९. एवढं माहीत असणारा माणूस ऑफिसातलाच असणार, असं तिला वाटलं. ओटीपी दिला. ४८ हजार गेले.

मला संध्याकाळी कळलं. लगेच १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली. १९ हजार पुढच्या खात्यात गोठवता आले, बाकीचे हातचे गेले. दुपारीच लावला असता तर कदाचित जास्त वाचले असते. तर मंडळी, असं काही झालं तर आधी १९३०, रडारड नंतर. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा, हयातीचा दाखला फोनवर ओटीपी देऊन होत नसतो. तो बँकेत, पोस्टात किंवा 'जीवन प्रमाण'वर होतो.

माहिती फुटली कुठून? मला खरंच सांगता येणार नाही. आप्पा गेल्यावर त्यांच्या आधारच्या, पीपीओच्या झेरॉक्स मी किती ठिकाणी दिल्या ते आठवायला बसलो आणि अकराव्यावर मोजणं सोडलं. एका काउंटरवर तर तो गठ्ठा चहाच्या कपाखाली ठेवलेला मी स्वतः पाहिला होता. तेव्हा बोललो नाही. काम अडलं होतं ना आपलं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये कायदाही झाला. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड! वाचायला भारी वाटतं. पण तो दंड जाणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारं आयटी कायद्यातलं ४३ए कलम होतं, ते याच कायद्याने काढून टाकायचं ठरवलं. म्हणजे आईच्या हातात काय? तक्रारीचा नंबर.

पैशांपेक्षा आईला दुसरंच लागलं. "त्याला ह्यांचं सगळं माहीत होतं रे," एवढंच ती म्हणत राहिली. फोन घेईना. माझासुद्धा.

परवा तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आप्पांचं बंद पडलेलं एचएमटी, माझ्या आत्याची आंतर्देशीय पत्रं, आणि तळाशी आजोबांची हिशोबाची वही. आईने बरोबर पान काढलं. बियाणं, मीठ, रॉकेल, आणि त्याच ओळीखाली: पहाटे मुलगा झाला, सुईणीस लुगडे १, गहू २ पायली. वर तिथी.

ती जूनमधली नाहीच!

आमच्याकडच्या त्या पिढीला हे नवीन नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ठोकून दिली, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. आप्पा कागदोपत्री आयुष्यभर १ जूनवालेच राहिले. पण आई दरवर्षी त्या खऱ्या तिथीला गुळाचा शिरा करायची, कारण न सांगता. मला वाटायचं सणाचा असेल.

"त्या मेल्याला हे कुठं ठाऊक होतं," आई म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

मी सवयीने मोबाईल काढला, म्हटलं पान फार जुनं झालंय, फोटो काढून ठेवू. तिने वहीवर हात ठेवला.

"फोटो नको."

म्हणून या पोस्टला फोटो नाही. तिथीही लिहिलेली नाही.